सरकारी वकील असताना आपला वकील कशाला? नाशिकच्या कोर्टात पहिल्यांदा येणाऱ्या फिर्यादीसाठी

जुन्या सीबीएसला बसमधून उतरून कोर्टाकडे येणारा माणूस आरोपीकडचा की फिर्यादीकडचा, हे मला आताशा चालीवरूनच कळतं. आरोपीकडच्यांचा वकील ठरलेला असतो, ते सरळ त्याच्याकडे जातात. फिर्यादीकडचा माणूस मात्र चार घड्या पडलेलं समन्स हातात धरून दिसेल त्याला विचारत सुटतो, "दादा, आमचा वकील कोण?"

मी वकील नाही, वकिलांचा कारकून आहे. तारखा लिहायच्या, नकला काढायच्या, बोर्डावर लक्ष ठेवायचं आणि घाबरलेल्या पक्षकाराला चहा पाजून बाकावर बसवायचं, हे माझं काम. या एका प्रश्नाचं उत्तर व्हरांड्यात उभ्याउभ्या इतक्या वेळा दिलंय, की एकदा बसून लिहून काढावं म्हटलं.

तर, फौजदारी खटल्याच्या फाइलवर तुमचं नाव नसतं. तिथे लिहिलेलं असतं 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक अमुक'. मार तुम्ही खाल्लेला असला, दागिना तुमचा गेलेला असला, तरी खटला शासनाचा. तुम्ही बहुतेक वेळा साक्षीदार क्रमांक एक. मॅजिस्ट्रेट कोर्टात शासनाची बाजू सहायक सरकारी अभियोक्ता मांडतात, त्यांना सगळे एपीपी म्हणतात. सेशन्स कोर्टात सरकारी वकील असतात. त्यांना पैसे शासन देतं, तुम्ही एक रुपयाही द्यायचा नाही. तुम्ही वकील लावला नाही म्हणून खटला अडत नाही, ही पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा.

दुसरी गोष्ट पहिलीला छेद देणारी आहे. सरकारी वकील तुमच्या बाजूने बोलतात, पण ते तुमचे वकील नव्हेत. त्या दिवशी त्यांच्या टेबलावर फायलींचा गठ्ठा असतो आणि तुमची फाइल त्यातली एक. तुम्हाला फोन करून 'आज आरोपीचा जामीन अर्ज आहे' असं ते कळवतील, ही अपेक्षा धरू नका.

माझं मत असं, की फिर्याद दिल्यापासून निकालापर्यंत सतत वकील बहुतेकांना लागत नाही. पण खटल्यात चार-पाच दिवस असे येतात की त्या दिवशी आपला वकील नसला तर झालेलं नुकसान पुढे भरून निघत नाही. ते दिवस ओळखा आणि पैसे तिथेच खर्च करा.

आधी बघा, ही केस सरकार चालवतंय का?

काही प्रकरणं फौजदारी कोर्टात चालतात, पण त्यात सरकारी वकील तुमच्यासाठी उभा राहत नाही. चेक बाउन्स हे त्यातलं रोजचं. तिथे तक्रारदार तुम्ही, पुरावा तुमचा आणि वकीलही तुमचाच. बँकेचा मेमो हातात आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर पैसे द्यायला समोरच्याला १५ दिवस आणि त्यानंतर महिन्याभरात कोर्टात तक्रार. तक्रारीला उशीर झाला की पुढे तो माफ करून घेण्यासाठी कोर्टाची मनधरणी, आणि नोटिशीची मुदत हुकली तर तीही सोय नाही. तेव्हा इथे पहिल्या दिवशीच वकील गाठा. पोलिसांना वगळून थेट मॅजिस्ट्रेटकडे खासगी तक्रार करायची असेल तरी हाच नियम. घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण, निवास किंवा खर्च मागायचा असेल तर संरक्षण अधिकारी अर्ज करून देतात, पण तो अर्ज पुढे चालवायला वकील असलेला बरा.

अपघाताचं प्रकरण लोकांना फार गोंधळात टाकतं. ट्रकचालकावरचा खटला सरकार चालवतं, पण त्या खटल्यातून तुम्हाला नुकसानभरपाई मिळेल या भरवशावर बसू नका. ती मागायची मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे, वेगळ्या अर्जाने. २०१९ च्या दुरुस्तीने या अर्जाला सहा महिन्यांची मुदत घातली आहे, तेव्हा तेराव्यानंतर 'बघू' म्हणत बसू नका.

आणि क्रॉस केस. निफाड-दिंडोरीकडे बांधावरून भांडण झालं की दोन्ही भाऊबंद एकमेकांवर फिर्याद देतात. एका फाइलमध्ये तुम्ही फिर्यादी आणि शेजारच्या फाइलमध्ये आरोपी. अशा वेळी 'माझं काम सरकारी वकील बघतील' म्हणणाऱ्याला मी हात जोडतो. दुसऱ्या फाइलमध्ये तेच सरकारी वकील तुमच्या विरुद्ध उभे असतात. वकील हवाच, आणि दोन्ही फायली एकाच वकिलाकडे हव्यात.

पोलीस ठाण्यात

शहरातली पोलीस ठाणी, म्हणजे पंचवटी, भद्रकाली, सातपूर, अंबड, उपनगर वगैरे, पोलीस आयुक्तांच्या हाताखाली येतात. सिन्नर, निफाड, दिंडोरी, येवला ही ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे. घटना कुठल्या हद्दीत घडली यावरून तुम्हाला परत पाठवायला मुळीच मुभा नाही. दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्याचा तपास पोलीस स्वतःहून करू शकतात असा गुन्हा, असेल तर कुठल्याही ठाण्यात 'झिरो'ने फिर्याद घ्यावी लागते आणि ती मग योग्य ठाण्याकडे वर्ग होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, जिला कोर्टात सगळे बीएनएसएस म्हणतात, हे कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळण्याचा हक्कही त्याच कलमात आहे.

इथे वकील लागत नाही. लागतं ते लक्ष. जबाब लिहिणाऱ्या हवालदाराची एक ठरलेली भाषा असते: 'सदर इसमाने मला लाथाबुक्क्यांनी मारहाण करून शिवीगाळ व दमदाटी केली.' तुम्हाला एक चापट बसली असेल तर चापटच लिहायला सांगा. ती 'लाथाबुक्की' कागदावर गेली की काही वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात आरोपीचे वकील विचारतात, "लाथ कोणत्या पायाने मारली?" तुम्ही म्हणता, "लाथ नाही, चापट मारली." झालं, पहिली विसंगती तिथेच नोंदली गेली. सही करण्याआधी कागद स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर सोबतच्याला मोठ्याने वाचायला लावा. वेळ, जागा, कोण कोण हजर होतं आणि कोणाच्या हातात काय होतं, या चार गोष्टी नीट उतरल्या का ते पाहा.

हातात मिळालेल्या कागदावर 'एनसी' लिहिलं असेल तर ती अदखलपात्र नोंद आहे. मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. 'केस केली आहे' म्हणून वर्षभर वाट पाहिलेली आणि हे नंतर कळलेली माणसं मी पाहिली आहेत.

मार लागला असेल तर त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात पोलिसांच्या यादीने, म्हणजे त्यांनी दिलेल्या पत्राने, तपासणी करून घ्या. खासगी दवाखान्यात आधी गेलात तरी हरकत नाही, पण तिथला केसपेपर जपा. बलात्कार, ॲसिड हल्ला आणि पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालच्या, पीडितांना सरकारी किंवा खासगी, कुठल्याही रुग्णालयाने लगेच आणि फुकट उपचार द्यायचे, असा कायदा आहे. पैसे भरल्याशिवाय दाखल करून घेत नसतील तर हे तोंडावर सांगा.

फिर्याद घेतलीच नाही तर? लेखी तक्रार पोस्टाने वरिष्ठांना पाठवा, शहरात आयुक्तालयाला आणि ग्रामीणमध्ये अधीक्षकांना. पोचपावती जपून ठेवा. त्यानंतरही हालचाल नसेल तर मॅजिस्ट्रेटकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करता येतो. या अर्जापासून वकील घ्या. पोस्टाची पावती जोडली नाही म्हणून परत आलेले अर्ज मी स्वतःच्या हाताने सोडवून आणलेत.

जामिनाचा दिवस

हा पहिला दिवस, जिथे आपला वकील खरोखर उपयोगी पडतो.

आरोपी जामिनासाठी अर्ज करतो. कोर्ट सरकारी पक्षाचा 'से' मागवतं, म्हणजे म्हणणं. तपास अधिकारी ते लिहून देतात आणि सरकारी वकील त्यावर युक्तिवाद करतात. या सगळ्यात फिर्यादीला काही विचारलं जात नसे. २०२२ मध्ये लखीमपूर खेरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पीडिताला तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर म्हणणं मांडायचा हक्क आहे आणि जामिनाची सुनावणीही त्यात येते. पण हक्क असला तरी कोणी घरी बोलवायला येत नाही. अपवाद आहेत. ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्यात कलम १५अ प्रमाणे पीडिताला जामीन अर्जाची सूचना द्यावीच लागते. सोळा वर्षांखालच्या मुलींवरच्या बलात्काराच्या आणि अठरा वर्षांखालच्या मुलींवरच्या सामूहिक बलात्काराच्या गुन्ह्यांत फिर्यादीने किंवा तिने नेमलेल्या व्यक्तीने हजर असणं बंधनकारक आहे. बाकीच्यांनी लक्ष स्वतः ठेवायचं.

ते कसं ठेवायचं? मोबाइलवर ई-कोर्ट्सचं ॲप घ्या. जिल्हा नाशिक निवडा, पोलीस ठाणं आणि एफआयआर नंबर टाकून शोधा, नाहीतर आरोपीच्या नावाने शोधा. फिर्याद दिल्यावर पहिले पंधरा दिवस रोज रात्री जेवणानंतर एकदा बघायची सवय लावा. अटकपूर्व जामिनाचा अर्ज सेशन्समध्ये येतो आणि तो बहुतेकदा आरोपी सापडण्याआधीच आलेला असतो.

अर्ज दिसला की आपल्या वकिलामार्फत हस्तक्षेप अर्ज द्यायचा. त्यात 'आरोपी फार वाईट माणूस आहे' असं लिहून उपयोग नसतो. मागच्या वर्षी आमच्याकडे एक वहिनी आल्या. आरोपी त्यांच्याच गल्लीत राहणारा. त्यांच्याजवळ दोन जुन्या एनसी होत्या, व्हॉट्सॲपवरच्या धमकीचे स्क्रीनशॉट होते आणि मुलीच्या शाळेचा रस्ता आरोपीच्या दारावरून जातो हे दाखवणारा हाताने काढलेला नकाशा होता. पोलिसांच्या से मध्ये यातलं काहीच नव्हतं. जामीन झाला, पण 'खटला संपेपर्यंत त्या भागात राहायचं नाही' ही अट पडली. ती अट त्या नकाशाने मिळवून दिली, असं मला आजही वाटतं.

वकील करायची ऐपत नसेल तर तेच कागद घेऊन सरकारी वकिलांना सकाळी कोर्ट बसण्याआधी गाठा. दोन मिनिटं मिळतात. भाषण करू नका, कागद द्या.

तपास, समरी आणि चार्जशीट

तपासात काय चाललंय हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचं आहे, आता फोनवर मेसेजने कळवलं तरी चालतं. कळवलं नाही तर तपास अधिकाऱ्याला लेखी विचारा. लेखी म्हणजे पोच घेऊन.

पुढे दोनपैकी एक होतं. पुरावा मिळाला नाही तर पोलीस 'समरी' पाठवतात. 'ए' समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा सापडला नाही. गाडी चोरीला गेली असेल तर विमा कंपनी याच कागदासाठी अडून बसते, तेव्हा ए समरी आली की नक्कल काढा आणि विम्याचं काम उरका, वकिलाची गरज नाही. 'सी' समरी म्हणजे गैरसमजातून दिलेली किंवा दिवाणी स्वरूपाची तक्रार. आणि 'बी' समरी म्हणजे फिर्यादच खोटी. बी समरी कोर्टाने मंजूर केली तर खोटी फिर्याद दिल्याबद्दल उलट तुमच्यावरच कारवाई होऊ शकते.

समरी मंजूर करण्याआधी मॅजिस्ट्रेटने फिर्यादीला नोटीस काढून ऐकून घ्यायचं, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९८५ पासूनचा दंडक आहे. नोटीस घरी येते. आमच्या ओळखीतल्या एका घरी ती आली, सासूबाईंनी घेतली आणि कालनिर्णयच्या मागे खोचून ठेवली. दिवाळीत भिंत रंगवायला कॅलेंडर काढलं तेव्हा सापडली. तारीख भाद्रपदातली होती. कोर्टाचा शिक्का असलेला कुठलाही कागद त्याच दिवशी उघडा, आणि त्यावर 'समरी' हा शब्द दिसला तर त्याच आठवड्यात वकील गाठा. विरोधाचा अर्ज, ज्याला प्रोटेस्ट पिटिशन म्हणतात, तो नीट लिहिला तर मॅजिस्ट्रेट पुढचा तपास करायला सांगू शकतात किंवा थेट खटलाही सुरू करू शकतात.

पुरावा मिळाला तर दोषारोपपत्र, म्हणजे चार्जशीट दाखल होतं. इथे एक कलम मी वकील नसूनही पाठ केलंय, बीएनएसएसचं २३०. आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत चार्जशीटच्या नकला आरोपीला फुकट द्यायच्या आणि पीडितालाही द्यायच्या, पण पीडित 'वकिलामार्फत हजर असल्यास'. म्हणजे तुमचं वकीलपत्र फाइलला लागलेलं असेल तर पंचनामे, सगळ्या साक्षीदारांचे जबाब, वैद्यकीय अहवाल, सगळा संच तुमच्या वकिलाच्या हाती. नसेल तर नकलांसाठी अर्ज करा, शुल्क भरा आणि नक्कल विभागाच्या खिडकीवर चकरा मारा.

या नकलांचं काय एवढं? आरोपीच्या वकिलाने त्या पाठ केलेल्या असतात. तुमच्या शेजाऱ्याने पोलिसांना काय सांगितलं हे त्याला माहीत असतं, तुम्हाला नसतं. सीसीटीव्हीचं चित्रण जोडायचं राहिलंय, महत्त्वाच्या साक्षीदाराचा जबाबच घेतला नाही, हे चार्जशीट वाचल्याशिवाय कळत नाही. आणि खटला सुरू होण्याआधी कळलं तर पुढच्या तपासाची मागणी करता येते. संपूर्ण खटल्यासाठी वकील परवडत नसेल तर निदान वकीलपत्र लावून या नकला मिळवा आणि एकदा वाचून घ्या. एवढ्याच कामाचे पैसे घेणारे वकील मिळतात.

मुद्देमाल

दागिना, मोबाइल किंवा गाडी पोलिसांनी जप्त केली असेल तर ती खटला संपेपर्यंत पडून राहायची गरज नाही. मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करून हमीपत्रावर परत मिळते, फोटो काढून ठेवले जातात. खरेदीची पावती, आरसी बुक, मोबाइलचं बिल जोडा. मंगळसूत्राची पावती कोणाकडे नसते, मग लग्नातला फोटो चालतो. हा अर्ज फिर्यादी स्वतःही देऊ शकतो, मजकूर सोपा असतो. सायबर फसवणुकीत १९३० वर लगेच फोन केल्यामुळे बँकेत गोठलेली रक्कमही अशाच कोर्टाच्या आदेशाने परत मिळते, तिथे मात्र बँकांची कागदपत्रं बघता वकील सोबत असलेला बरा.

साक्षीचा दिवस

समन्सवर कोर्टाचं नाव आणि ठिकाण नीट वाचा. नाशिकरोडचं कोर्ट वेगळं, सीबीएसजवळचं जिल्हा न्यायालय वेगळं, निफाड आणि मालेगावला सेशन्सची कोर्टं आहेत. चुकीच्या ठिकाणी अकरा वाजता बसून राहिलेल्या माणसाचं नाव योग्य ठिकाणी पुकारलं जातं आणि गैरहजर म्हणून नोंद होते.

लवकर या. सरकारी वकिलांसोबत बसणारा पैरवीचा पोलीस कर्मचारी शोधा, तो या इमारतीतला तुमचा सर्वांत कामाचा माणूस. त्याला म्हणा, "मला माझा जबाब एकदा वाचू द्या." घटना तीन वर्षांपूर्वीची असते. माणूस विसरतो, त्यात लाज नाही. वाचलेलं मात्र पाठ करून म्हणू नका. आठवेल ते सांगा.

पिंजऱ्यात उभं राहिल्यावर आधी सरकारी वकील विचारतात, तो सरतपास. मग आरोपीचे वकील, तो उलटतपास. प्रश्न कोणीही विचारो, उत्तर न्यायाधीशांकडे बघून द्या. न्यायाधीश तुमचं उत्तर त्यांच्या शब्दांत टंकलेखकाला सांगतात, ते टाइप होईपर्यंत थांबा. घाई केली की तुमचं पुढचं वाक्य हवेत जातं. चुकीचं उतरलं असं वाटलं तर तिथल्या तिथे हात वर करा, नंतर सही केल्यावर काही करता येत नाही.

उलटतपासातलं एक वाक्य सगळ्यांना पाडतं. वकील म्हणतात, "तुम्ही आरोपीला जुन्या वैरातून गुंतवताय, हे खरं आहे?" साक्षीदार म्हणतो, "नाही." कागदावर उतरतं, 'असे म्हणणे खरे नाही की, मी आरोपीस जुन्या वैमनस्यातून खोटे गुंतविले आहे.' सही करताना ही 'नाही की'ची माळ वाचून माणूस घाबरतो, की आपण कबुली दिली की काय! दिली नाही. ती लिहायची पद्धतच तशी आहे. पण वकिलाने चार प्रश्नांनंतर मुद्दाम उलटं वाक्य केलं, "तुम्ही तिथे नव्हता, हे खोटं आहे का?", तर 'हो' की 'नाही' या भानगडीत पडू नका. पूर्ण वाक्य बोला: "मी तिथे होतो."

आता या दिवशी तुमचा वकील काय करू शकतो? सेशन्स कोर्टात खटला सरकारी वकीलच चालवतात. तुमच्या वकिलाने त्यांच्या सूचनेनुसार मदत करायची आणि पुरावा संपल्यावर कोर्टाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद द्यायचा. पीडिताच्या वकिलाला साक्षीदार तपासता येणार नाहीत की तोंडी युक्तिवाद करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं. मॅजिस्ट्रेट कोर्टात मात्र बीएनएसएसच्या कलम ३३९ प्रमाणे परवानगी मिळाली तर तुमचा वकील अख्खा खटला चालवू शकतो. म्हणजे मोठ्या गुन्ह्यात आपल्या वकिलाचं तोंड बंद आणि छोट्या गुन्ह्यात मोकळं. मला हे अजून पचलेलं नाही, पण आहे ते आहे.

तोंड बंद म्हणजे उपयोग शून्य असं नव्हे. सरकारी वकिलांच्या मागच्या खुर्चीवर बसून चिठ्ठी पुढे सरकवणारा वकील मी पाहिलाय. 'पंचाला पावसाबद्दल विचारा, पंचनाम्यात जमीन कोरडी लिहिली आहे.' एवढीशी चिठ्ठी. गठ्ठाभर फायली सांभाळणाऱ्या माणसाच्या ते लक्षात येईलच असं नाही.

लोक म्हणतात, आम्हाला उज्ज्वल निकमांसारखा वकील पाहिजे. ते विशेष सरकारी वकील म्हणून उभे राहत, म्हणजे नेमणूक शासनाची. तशी नेमणूक मागण्यासाठी शासनाकडे अर्ज करता येतो, देणं न देणं शासनाच्या हाती. खासगी वकील लावून तो दर्जा मिळत नाही.

साक्षीआधी धमक्या येत असतील तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो. जिल्ह्यातली समिती त्यावर निर्णय घेते. अर्ज तपास अधिकाऱ्यामार्फत किंवा सरकारी वकिलांमार्फत द्या, उशीर करू नका. 'मिटवून घ्या' म्हणणारा नातेवाईकही याच सुमारास उगवतो. सगळे गुन्हे मिटवता येत नाहीत. आरोपी एफआयआर रद्द करून घ्यायला मुंबईला उच्च न्यायालयात गेला तर तिथे तुम्हाला प्रतिवादी करतात. त्या नोटिशीला वकिलाशिवाय उत्तर देऊ नका आणि न वाचता 'ना हरकत' प्रतिज्ञापत्रावर सही तर मुळीच नको.

निकालानंतर

आरोपी सुटला, कमी गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली किंवा भरपाई तुटपुंजी दिली, तर पीडिताला स्वतः अपील करता येतं. मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सेशन्समध्ये, सेशन्सच्या निकालावर मुंबईला. शिक्षा कमी झाली एवढ्याच कारणावर मात्र पीडिताला अपील नाही, ते शासनाने करायचं. निकाल लागला त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका. हे अपील वकिलाचंच काम आहे.

भरपाई मात्र निकालावर अडून नाही. पीडित नुकसानभरपाई योजनेत आरोपी सापडला नसला तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. बलात्कार, पॉक्सो आणि ॲसिड हल्ल्याच्या पीडितांसाठी २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे, त्यात १० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. वकील न लावताही हे होतं.

वकील गाठताना

पैसे कामापुरते ठरवा: जामिनाला विरोध इतके, नकला आणि वाचन इतके, लेखी युक्तिवाद इतके. पावती मागा. चांगला वकील पावती मागितल्यावर चिडत नाही. कोणी म्हणालं, 'सरकारी वकिलांचेही वेगळे द्यावे लागतील', तर त्या माणसापासून उठून या. कोणी खरंच पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४ आहे.

पैसे नसतील तर कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची आणि दिव्यांग माणसं यांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, बाकीच्यांना वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर. फोनवर विचारायचं असेल तर १५१००. एक चूक हमखास होते: 'लोक अभिरक्षक' अशी पाटी दिसली की लोक तिथे शिरतात. ते कार्यालय आरोपींच्या बचावासाठी आहे. तुम्ही फिर्यादीसाठी पॅनेलवरचा वकील मागा. पॉक्सोमध्ये तर मुलाच्या कुटुंबाला आपल्या पसंतीचा वकील घेण्याचा आणि ऐपत नसेल तर प्राधिकरणाकडून मिळण्याचा हक्क त्या कायद्याच्या कलम ४० मध्येच आहे.

अर्ज मराठीत, एका पानाचा पुरतो. सोबत आधार, एफआयआरची प्रत, समन्स किंवा नोटीस, आणि लागू असेल तर जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला. वकील नेमल्याचं पत्र हातात आलं की त्यांना त्याच आठवड्यात भेटा, आणि पुढच्या तारखेला रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत बघा, त्यांचं वकीलपत्र फाइलला लागलंय ना.